खुर्ची आणि खुर्चीतला माणूस : निक्सन यांना कशामुळे जावं लागलं?

आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून विचारलं, "मॅडम, अमेरिकेच्या अध्यक्षाची पन्नास वर्षांपूर्वीची भानगड आता कशाला उकरून काढायची?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला उलट एक प्रश्न विचारला, तोच तुम्हालाही विचारते. महाभियोग चालवून पदावरून दूर केलेला अमेरिकेचा अध्यक्ष कोण? बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं : रिचर्ड निक्सन. हे उत्तर चुकीचं आहे. असा अध्यक्ष आजवर एकही झालेला नाही. निक्सन यांच्याविरुद्धचा महाभियोग तर पूर्ण प्रतिनिधीगृहापुढे मतालासुद्धा आला नव्हता. त्याआधीच, ९ ऑगस्ट १९७४ रोजी, त्यांनी राजीनामा दिला.

आता गंमत बघा. ज्या तिघा अध्यक्षांवर महाभियोग रीतसर चालला, ते तिघेही सिनेटमध्ये सुटले. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन सुटले, १९९९ मध्ये बिल क्लिंटन, आणि डोनाल्ड ट्रम्प २०२० आणि २०२१ असे दोनदा. आणि ज्यांच्यावर तो शेवटपर्यंत चाललाच नाही, ते निक्सन मात्र गेले. मग त्यांना घालवलं कुणी? कलम तर तेच होतं. आजचं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू

अमेरिकेत महाभियोगाच्या दोन पायऱ्या आहेत. प्रतिनिधीगृह साध्या बहुमतानं आरोप ठेवतं. हे झालं आरोपपत्र, शिक्षा नव्हे. मग सिनेट खटला चालवतं आणि तिथं दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. अध्यक्षाचा खटला असेल तर सरन्यायाधीश पीठासीन असतात. शिक्षा एवढीच : पद जातं, आणि सिनेटला वाटलं तर पुढे पद धारण करायला बंदी. तुरुंग नाही, दंड नाही. फौजदारी खटला वेगळा, तो साध्या न्यायालयात.

आपल्याकडची सवय वेगळी आहे, म्हणून इथं जरा थांबते. आपल्या संविधानात अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींवर महाभियोगाची तरतूद आहे, कारण 'संविधानाचा भंग'. ती आजवर कधीच वापरावी लागली नाही. पण आपल्याकडे खरी सत्ता पंतप्रधानांकडे, आणि पंतप्रधानांना घालवायला गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. लोकसभेचा विश्वास उडाला, साध्या बहुमतानं अविश्वास ठराव झाला, की सरकार गेलं. १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मतानं गेलं, तेव्हा कुणी त्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप केला नव्हता. विश्वासदर्शक ठराव पडला, एवढंच.

अमेरिकेत तसं नाही. अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून येतो. तो नकोसा झाला, त्याची धोरणं फसली, लोक चिडले, तरी त्याला काढता येत नाही. काढायचं तर 'देशद्रोह, लाचखोरी, किंवा अन्य गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन' दाखवावं लागतं. आता 'अन्य गंभीर गुन्हे' म्हणजे नेमकं काय? हा शब्दप्रयोग आला कुठून? त्याची कथा आपल्याला अनपेक्षितपणे घराजवळ आणते.

फिलाडेल्फिया आणि शनिवारवाडा

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. अध्यक्षावर महाभियोगाची सोय असावी की नसावी, यावर २० जुलैला वाद झाला. म्हातारे बेंजामिन फ्रँकलिन, वय ८१, यांनी फार व्यवहारी मुद्दा मांडला. त्यांचं म्हणणं असं : अशी सोय नव्हती तेव्हा लोक काय करत होते? नकोशा सत्ताधीशाचा खून करत होते. त्यात माणसाचा जीव तर जातोच, वर आपली बाजू मांडून नाव धुऊन काढायची संधीही जाते. त्यापेक्षा रीतसर चौकशी बरी. दोषी असेल तर शिक्षा, निर्दोष असेल तर सन्मानानं सुटका.

हे वाचताना मराठी माणसाला शनिवारवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. फ्रँकलिन बोलत होते त्याच्या चौदा वर्षं आधी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना त्यांच्याच वाड्यात मारलं. 'ध' चा 'मा' कुणी केला, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गादीवर रघुनाथराव आले. आणि मग रामशास्त्री प्रभुणे. परंपरा सांगते की या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त, असं त्यांनी नव्या पेशव्याच्या तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. ते स्वतः पेशव्यांचे नोकर होते, हे लक्षात ठेवा. आपण त्याकडे परत येणार आहोत.

पुढे नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभारी एकत्र आले. तेच बारभाई. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, त्यांना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावानं पेशवाईची वस्त्रं आली. म्हणजे गादीवर बसलेल्या माणसाला बारभाईंनी हटवलं खरं. पण हटवायची ठरलेली रीत नव्हती. म्हणून कट करावा लागला, बाळाच्या जन्माची वाट बघावी लागली. आणि हटवलेला माणूस गप्प बसला नाही. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. १७७५ चा सुरतेचा तह, पहिलं इंग्रज-मराठे युद्ध, १७७९ मध्ये वडगाव, १७८२ मध्ये सालबाईचा तह, हे सगळं त्यातून आलं.

त्या काळात कंपनीचे गव्हर्नर जनरल होते वॉरन हेस्टिंग्ज. १७८६ मध्ये एडमंड बर्क यांनी लंडनच्या संसदेत त्यांच्यावर बावीस आरोप मांडले. त्यातला विसावा आरोप मराठ्यांशी झालेल्या युद्धाचा आणि तहाचा होता. (प्रत्यक्ष खटल्यात निकाल लागला तो मुख्यतः बनारसचा राजा, अवधच्या बेगमा, नजराणे आणि कंत्राटं या मुद्द्यांवर. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटले.)

आता फिलाडेल्फियाला परत चला. तारीख ८ सप्टेंबर १७८७. मसुद्यात महाभियोगाची कारणं दोनच होती, देशद्रोह आणि लाचखोरी. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले. त्यांनी विचारलं, एवढंच का? देशद्रोहाची आपण जी व्याख्या केली आहे तिच्यात हेस्टिंग्जसुद्धा बसत नाही. म्हणून त्यांनी 'गैरकारभार' हा शब्द सुचवला. त्यावर जेम्स मॅडिसन म्हणाले, हा शब्द इतका सैल आहे की अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर जगेल. मेसननी तो शब्द मागे घेतला आणि 'अन्य गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन' हा घातला. इंग्लंडच्या महाभियोगांमध्ये तो जुनाच होता.

मेसनच्या डोक्यात पुणं किंवा वडगाव होतं, असं मी म्हणत नाही. धागा बारीक आहे, तो ताणू नये. पण हिंदुस्थानात सत्ता वापरणाऱ्या एका माणसाचं उदाहरण समोर ठेवून ते कलम घडलं, एवढं निश्चित. त्या दहा मिनिटांच्या संवादात दोन भीती आहेत. मेसन यांची भीती : सत्ताधीश असं काही करेल जे फार घातक असेल, पण कायद्याच्या व्याख्येत बसणार नाही. मॅडिसन यांची भीती : व्याख्या इतकी रुंद होईल की राजकीय विरोधक कुणालाही काढतील. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पुढची सव्वादोनशे वर्षं हे कलम या दोघांच्या मधल्या अरुंद वाटेवरून चालत आलं आहे.

दारावरची चिकटपट्टी

आता वॉटरगेट. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून मोजकंच सांगते.

१७ जून १९७२ ची पहाट. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत रात्रपाळीचा पहारेकरी फ्रँक विल्स याला एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. कामगारांनी लावली असेल असं समजून त्यानं ती काढली. पुढच्या फेरीत बघतो तर पुन्हा लावलेली. त्यानं पोलिसांना फोन केला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच माणसं पकडली गेली. त्यातला एक, जेम्स मॅककॉर्ड, निक्सन यांच्या निवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख होता.

त्यानंतर सहाच दिवसांनी, २३ जूनला, निक्सन यांनी आपले मुख्य सहायक हाल्डमन यांच्याशी बोलून ठरवलं की सीआयएकरवी एफबीआयला निरोप द्यायचा : या प्रकरणात खोलात जाऊ नका, हा राष्ट्रीय सुरक्षेचा मामला आहे. हे संभाषण ध्वनिमुद्रित झालं होतं. ते मुद्रण बाहेर यायला दोन वर्षं लागली.

दरम्यान निवडणूक झाली. नोव्हेंबर १९७२ मध्ये निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. म्हणजे चोरी करायची गरजच नव्हती. माझ्या मते या प्रकरणातली विचार करण्यासारखी पहिली गोष्ट हीच. घरफोडीनं निक्सन यांना काहीच मिळालं नाही. त्यांना बुडवलं ते नंतरच्या झाकपाकीनं. आपल्याकडे म्हणतात ना, झाकलं मूठ सव्वा लाखाची. इथं ती झाकायलाच सव्वा लाख लागले. पकडलेल्या माणसांनी तोंड उघडू नये म्हणून पैसे पुरवले गेले, आणि दहा लाख डॉलर लागले तरी उभे करता येतील, असं मार्च १९७३ मध्ये खुद्द अध्यक्ष आपल्या वकिलाला म्हणाले. तेही मुद्रित झालं.

मुद्रणयंत्रणेचं गुपित १६ जुलै १९७३ ला फुटलं. सिनेटच्या चौकशी समितीपुढे अलेक्झांडर बटरफील्ड या अधिकाऱ्यानं साक्ष दिली, आणि सगळ्या देशाला टीव्हीवर कळलं की अध्यक्षांच्या कार्यालयातलं बोलणं फितींवर आहे. आता प्रश्न सोपा झाला. अध्यक्ष खरं बोलतात की त्यांचा वकील, हे कुणी कुणावर विश्वास ठेवून ठरवायची गरज नव्हती. फिती ऐका, झालं.

निक्सन म्हणाले, फिती देणार नाही, हा अध्यक्षपदाचा विशेषाधिकार आहे. इथं माझ्या विषयातला, तत्त्वज्ञानातला प्रश्न येतो. हा विशेषाधिकार कुणाचा? पदाचा की माणसाचा? पदाचं काम नीट चालावं म्हणून सल्लामसलत गुप्त राहावी, हे मान्य. पण पदावरच्या माणसानं स्वतःला वाचवण्यासाठी तेच कवच वापरलं तर ते पदाचं रक्षण, की पदाची चोरी? निक्सन यांच्या मनात हा फरकच उरला नव्हता. १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट या पत्रकाराच्या मुलाखतीत त्यांनी उघडच सांगितलं की अध्यक्षानं एखादी गोष्ट केली म्हणजे ती बेकायदेशीर ठरत नाही. हे बेरकीपणानं केलेलं विधान नव्हतं. माझा समज असा की त्यांना ते मनापासून वाटत होतं.

आपल्याच माणसांनी 'नाही' म्हणणं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. त्यांना घालवलं कुणी? लोकप्रिय उत्तर असं की दोन तरुण पत्रकारांनी. पत्रकारांचं काम मोठं होतं, ते नाकारत नाही. पण वर्तमानपत्रानं अध्यक्ष जात नाही. विरोधी पक्षानंही जात नाही. सिनेटमध्ये ६७ मतं लागत होती आणि तेवढी डेमोक्रॅटांकडे नव्हती. मग बघू या, निर्णायक क्षणी कोण कोण उभं होतं.

२० ऑक्टोबर १९७३, शनिवारची रात्र. विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स फितींचा हट्ट सोडत नव्हते. निक्सन यांनी महान्यायवादी इलियट रिचर्डसन यांना हुकूम दिला, कॉक्सना काढा. रिचर्डसन हे निक्सन यांनीच नेमलेले, त्यांच्याच पक्षाचे. पण नेमणुकीच्या वेळी त्यांनी सिनेटला शब्द दिला होता की विशेष वकिलाच्या कामात ढवळाढवळ करणार नाही. त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि तेही गेले. तिसरे रॉबर्ट बोर्क, त्यांनी हुकूम बजावला. बोर्क यांनी पद सोडू नये, नाहीतर खातंच कोसळेल, असं खुद्द रिचर्डसन यांचं मत होतं, हेही सांगायला हवं. पण देशानं लक्षात ठेवलं ते दोन नकार.

२४ जुलै १९७४. सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध ० मतांनी निर्णय दिला, फिती द्या. निकालपत्र लिहिलं सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी. त्यांना निक्सन यांनीच नेमलं होतं. त्या आठांतले तिघे निक्सन यांनी नेमलेले होते. चौथ्यानं, रेन्क्विस्ट यांनी, पूर्वी निक्सन यांच्या न्यायखात्यात काम केलं असल्यानं खटल्यातून अंग काढून घेतलं होतं.

त्यानंतर तीन दिवसांनी प्रतिनिधीगृहाच्या न्यायसमितीत मतदान. न्यायात अडथळा आणल्याचा आरोप २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. समितीत डेमोक्रॅट २१ होते, म्हणजे सहा रिपब्लिकनांनी आपल्या अध्यक्षाविरुद्ध मत दिलं. सत्तेच्या गैरवापराच्या आरोपाला सात रिपब्लिकन मिळाले.

५ ऑगस्टला २३ जूनची ती फीत बाहेर आली. समितीत विरोधात मत दिलेल्या रिपब्लिकनांनीही आता बाजू बदलली. ७ ऑगस्टला तीन माणसं अध्यक्षांना भेटायला गेली : बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स. तिघेही रिपब्लिकन. गोल्डवॉटर तर पक्षाच्या कट्टर उजव्या गटाचे पुढारी, १९६४ चे अध्यक्षपदाचे उमेदवार. वाचायला ३४ सिनेटर लागत होते. गोल्डवॉटर यांनी सांगितलं, साधारण पंधराच उरलेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला.

म्हणून माझं उत्तर असं आहे. कलम १७८७ पासून तिथं होतंच. पण त्याला जोर आला तो पहारेकऱ्यापासून सरन्यायाधीशापर्यंत काही माणसांनी आपापल्या जागी खुर्ची आणि माणूस यांतला फरक पाळला म्हणून. आणि त्यातले निर्णायक सगळे अध्यक्षाच्या गोटातले होते. विरोधकानं 'नाही' म्हणणं हे राजकारण झालं. ज्यानं तुम्हाला पद दिलं त्याला 'नाही' म्हणणं, ही वेगळी गोष्ट. रामशास्त्र्यांना आपण अडीचशे वर्षं विसरलो नाही ते याचसाठी. ते पुण्याचे विरोधी पक्षनेते नव्हते, पेशव्यांचे न्यायाधीश होते. मात्र एक फरक आहे. रामशास्त्री 'नाही' म्हणाले आणि त्यांना गाव सोडावं लागलं, राघोबा गादीवरच राहिले. रिचर्डसनही गेले. पण त्यांच्या मागे न्यायालय होतं, समिती होती, ठरलेली रीत होती. एकट्याचा नकार त्या रीतीनं पुढे नेला. नुसती माणसं पुरत नाहीत, नुसते नियमही पुरत नाहीत.

यादीत नसलेलं पाप

आता थोडं कडू बोलते.

ऑगस्ट १९७४ मध्ये मी विद्यार्थिनी होते. बातमी आली तेव्हा आमच्या वर्गात आनंद झाला. कारण उघड होतं. डिसेंबर १९७१ मध्ये याच माणसानं सातव्या आरमारातली 'एंटरप्राइज' ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागरात धाडली होती. पूर्व पाकिस्तानात कत्तली चालू असताना याह्याखानांना पाठीशी घातलं होतं. आम्हाला वाटलं, भोगलं फळ.

पुढे मूळ आरोप वाचले तेव्हा कळलं की तसं काहीच नव्हतं. बांगलादेशाचा त्यात शब्दही नाही. कंबोडियाचा होता. तटस्थ देशावर काँग्रेसपासून लपवून बॉम्ब टाकले, खोटे अहवाल दिले, असा एक आरोप समितीपुढे आला होता. ३० जुलैला तो २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला गेला. म्हणजे टेलिफोनमध्ये ध्वनिग्राहक बसवणाऱ्यांना झाकलं, यासाठी अध्यक्ष गेला. हजारो माणसांच्या मरणासाठी नाही.

१८६८ चा जॉन्सनचा खटलाही बघा. त्यांच्यावरचा खरा राग होता तो दक्षिणेतल्या नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या हक्कांना त्यांनी केलेल्या विरोधाचा. आरोप मात्र ठेवला तो मुख्यतः युद्धमंत्री स्टँटन यांना कायदा मोडून काढल्याचा. मतं पडली ३५ विरुद्ध १९. लागत होती ३६. एका मतानं जॉन्सन वाचले, आणि सात रिपब्लिकनांनी पक्षाविरुद्ध मत दिल्यामुळे वाचले. त्यांच्यापैकी एडमंड रॉस यांना पुढे केनेडींनी आपल्या पुस्तकात धैर्याचा नमुना म्हणून गौरवलं. पण मुक्त झालेल्या त्या लोकांच्या नातवंडांना विचारलं असतं, तर त्यांनी ते मत धैर्याचं म्हटलं असतं का? मला शंका आहे. आपल्याच पक्षाला 'नाही' म्हणणं आपोआप थोर ठरत नाही. कशाला 'नाही' म्हटलं तेही बघावं लागतं.

यातून एक नियमच दिसतो. सत्ताधीशाला ज्या कृत्यासाठी हटवता येतं ते बहुधा त्याचं सर्वांत वाईट कृत्य नसतं. ते असतं असं कृत्य, जे पुराव्यानं सिद्ध होतं आणि जे चूक आहे हे त्याच्या बाजूच्या लोकांनाही नाकारता येत नाही. कंबोडियाच्या बॉम्बफेकीत दोन्ही पक्षांचे हात गुंतले होते. काँग्रेसमधल्या काही नेत्यांना आधीपासून ठाऊकही होतं. त्यामुळे त्यावर एकमत होणं शक्यच नव्हतं. मॅडिसन यांनी वाट अरुंद ठेवली ती विचारपूर्वक, आणि मला ती पटते. पण अरुंद दारातून मोठी पापं आत शिरत नाहीत, ही त्या अरुंदपणाची किंमत आहे. पदच्युती म्हणजे न्याय, असं म्हणून आपण ती किंमत विसरू नये.

माफी, आणि उघडा राहिलेला प्रश्न

निक्सन गेल्यावर जेराल्ड फोर्ड अध्यक्ष झाले. महिन्याभरात, ८ सप्टेंबर १९७४ ला, त्यांनी निक्सन यांना अध्यक्षपदाच्या काळातल्या सर्व गुन्ह्यांसाठी पूर्ण माफी दिली. आरोपपत्र दाखल व्हायच्या आधीच. तारीख बघा, मेसन आणि मॅडिसन यांच्या त्या संवादाचीच. योगायोग आहे, पण ध्यानात राहतो.

फोर्ड यांचे प्रसिद्धीप्रमुख टरहॉर्स्ट यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. हाल्डमन, एर्लिकमन, माजी महान्यायवादी मिचेल यांना पुढे तुरुंगवास झाला. ज्यांनी हुकूम पाळले ते आत, ज्यानं दिले तो घरी. फोर्ड यांचं म्हणणं होतं की देशाला या प्रकरणातून बाहेर काढायला दुसरा मार्ग नव्हता. १९७६ ची निवडणूक ते हरले. २००१ मध्ये त्याच माफीसाठी केनेडींच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार त्यांना मिळाला. पंचवीस वर्षांत लोकांचं मत बदललं होतं.

माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पण माफीनं एक प्रश्न उत्तराविना राहिला : खुर्चीवरून उतरलेला माणूस इतरांसारखा साधा नागरिक असतो का? १९७४ मध्ये न्यायालयानं त्याचं उत्तर दिलं असतं, तर ते वॉटरगेटच्या पुराव्यावर, दोन्ही पक्षांच्या संमतीच्या हवेत दिलं गेलं असतं. तसं झालं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या खटल्यात ५७ मतं दोषीच्या बाजूनं पडली, ६७ लागत होती. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांनी सुटकेच्या बाजूनं मत दिलं आणि सांगितलं की माजी अध्यक्षासाठी फौजदारी न्यायालयं आहेतच. मग १ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की अध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारातल्या कृत्यांना फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे, आणि इतर अधिकृत कृत्यांनाही निदान गृहीत धरलेलं संरक्षण आहे. खासगी कृत्यांना नाही.

मी कायदेपंडित नाही. पण एक प्रश्न मनात येतो. सीआयएनं एफबीआयला थांबवावं, हे २३ जून १९७२ चं बोलणं 'अधिकृत' म्हणायचं की 'खासगी'? दोन सरकारी खात्यांबद्दल अध्यक्ष आपल्या सहायकाशी, आपल्या कार्यालयात बोलत होते. बाहेरून सगळं अधिकृत. आतला हेतू मात्र स्वतःला वाचवायचा. न्यायालयाचा निर्णय सांगतो की अधिकृत कोणतं, खासगी कोणतं, हे ठरवताना अध्यक्षाच्या हेतूत शिरायचं नाही. मग खुर्ची आणि माणूस वेगळे कसे करणार? फौजदारी वाट जितकी अरुंद होईल, तितका भार महाभियोगावर येतो. आणि महाभियोग चालतो तो आपल्याच माणसांनी 'नाही' म्हटलं तर.

एक चिठ्ठी आली आहे : "आपल्याकडे गोल्डवॉटर निघतील का?"

चांगला प्रश्न आहे. माणसं निघतील, अशी माझी श्रद्धा आहे. पण एक फरक सांगते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आपल्याकडे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराचं किंवा आमदाराचं सदस्यत्व जाऊ शकतं. 'आयाराम-गयाराम' थांबवायला तो आणला, हेतू चांगला होता. घाऊक पक्षांतरं त्यानं थांबली नाहीत, हे महाराष्ट्रानं अलीकडेच पाहिलं. पण एकट्यानं, आपल्याच नेत्याविरुद्ध, सद्सद्विवेकानं दिलेलं मत मात्र त्यानं महाग केलं. त्या सात रिपब्लिकनांना पुढच्या निवडणुकीची भीती होती, पण त्याच दिवशी जागा जाण्याची नव्हती. म्हणून गोल्डवॉटर निघतील का, यापेक्षा मी असं विचारेन : निघाला, तर त्याला उभं राहायला आपण किती जागा ठेवली आहे?